वाचकांचे प्रश्न : रुग्णाच्या खाटेला सेन्सर बसवताना

मागच्या अंकात रुग्णालयातील उपकरणांच्या देखभालीविषयी लिहिताना खाटेवरून पडणाऱ्या रुग्णांचा उल्लेख ओघात दोन वाक्यांत येऊन गेला होता. त्या दोन वाक्यांवर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत. त्यांतील निवडक पत्रे येथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही चौघी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून ‘कमी खर्चातील सुरक्षित रुग्णखाट’ हा प्रकल्प आम्ही घेतला आहे. वजन, नाडी, तापमान, ओलावा, हालचाल, कॅमेरा, वाय-फाय आणि मोबाइल ॲप असा आराखडा तयार आहे. सेन्सर फार झाले, असे मार्गदर्शकांचे मत आहे. कोणते ठेवावेत आणि कोणते गाळावेत?

उत्तर : मार्गदर्शकांचे मत योग्य आहे; मात्र गाळायला बसताना सेन्सरांची यादी समोर घेऊ नका, अपघातांची घ्या. रुग्ण खाटेवरून पडतो म्हणजे नेमके काय होते? कोणी रात्री लघवीला जाण्यासाठी एकट्यानेच उठतो आणि पाय जमिनीवर टेकताच त्याला घेरी येते. कोणी शेजारच्या कपाटावरची पाण्याची बाटली घेण्यासाठी वाकतो आणि कलंडतो. कोणी उतरताना खाटेचा आधार घेतो, पण चाकाचा ब्रेक लावलेला नसल्यामुळे खाटच मागे सरकते. ड्रेसिंगसाठी उंच केलेली खाट नंतर खाली घ्यायची राहून जाते, आणि उतरणाऱ्याचा पाय अंदाजापेक्षा वीतभर खाली जातो.

या चारांपैकी शेवटच्या दोन प्रसंगांत रुग्णाकडे पाहणारा एकही सेन्सर लागत नाही. ब्रेकच्या पेडलखाली एक साधा लिमिट स्विच, म्हणजे एखादा भाग ठरावीक जागी आला की दाबला जाणारा स्विच, खाट सर्वांत खालच्या पातळीवर असताना दाबला जाणारा दुसरा लिमिट स्विच आणि पायथ्याच्या पट्टीवर दोन दिवे एवढ्यावर भागते. खाटेपासून दूर जाताना परिचारिकेला दोन्ही दिवे हिरवे दिसले पाहिजेत. तुमच्या यादीत या दोहोंपैकी एकही स्विच नाही आणि कॅमेरा मात्र आहे, म्हणून हे आधी सांगितले. माझ्या मते संपूर्ण खाटेवर दिलेल्या पैशाचे सर्वांत जास्त मोल या दोन स्विचांत आहे.

प्रकल्पाच्या प्रस्तावनेत जागतिक आरोग्य संघटनेचा, जगात दरवर्षी पडल्यामुळे सुमारे ६,८४,००० मृत्यू होतात हा अंदाज लिहिण्याचा मोह तुम्हाला होईल. तो अंदाज घरातल्या जिन्यावरून, शिडीवरून, छतावरून पडणाऱ्या सगळ्यांचा मिळून आहे. रुग्णालयातील खाटेची गरज पटवण्यासाठी तो पुढे केला तर परीक्षक तो खोडून काढतील. त्याऐवजी जिथे तुमची खाट वापरली जाणार आहे त्या वॉर्डाची, रुग्ण पडल्याच्या घटनांची नोंदवही परवानगी घेऊन पाहा आणि कोणती घटना किती वाजता, खाटेच्या कोणत्या बाजूला घडली हे टिपून घ्या.

आता रुग्णावर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरांकडे येऊ. त्यासाठी खाटेच्या चार कोपऱ्यांवर चार लोड सेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, पुरेसे आहेत, मात्र चौघांचे वाचन वेगवेगळे घ्यायला हवे. वजनकाट्याप्रमाणे चौघांची एकत्र बेरीज घेतली की रुग्ण खाटेवर आहे की नाही एवढेच कळते, आणि तो नाही हे कळते तोवर उशीर झालेला असतो. वेगवेगळे वाचन घेतले तर भारकेंद्र, म्हणजे एकूण भार ज्या बिंदूवर एकवटला आहे असे धरता येते तो बिंदू, दर क्षणी काढता येतो. एक उदाहरण घेऊ. डावीकडच्या आणि उजवीकडच्या सेलमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे आणि रुग्णाचे वजन ६० किलो आहे. तो मधोमध झोपला असेल तर दोन्ही बाजूंना ३०–३० किलो भार येईल. उजवीकडे ५६ आणि डावीकडे ४ किलो दिसू लागले, तर फरक ५२. त्याला ६० ने भागून निम्म्या अंतराने, म्हणजे ४० ने गुणले की भारकेंद्र मध्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटर उजवीकडे सरकल्याचे कळते. याचा अर्थ रुग्ण कडेवर बसला आहे. एकूण भार मात्र अजून ६० किलोच आहे. तो पाय जमिनीवर टेकवून पुढे झुकला की एकूण भार घटू लागतो. बेरीज घेणाऱ्या खाटेला जाग येते ती इथे. भारकेंद्र पाहणारी खाट त्याच्या बरीच आधी सावध झालेली असते.

याहूनही आधीची एक खूण आहे आणि ती प्रयोगात स्वतः पाहा, कारण पाहिल्याशिवाय ती पटत नाही. उताणा झोपलेला माणूस उठून बसतो तेव्हा त्याचे धड उशीकडून कमरेवर येते, त्यामुळे भारकेंद्र पायथ्याच्या दिशेने ठळकपणे सरकते. कुशीवर वळताना ते आडवे सरकते, पण असे पायथ्याकडे जात नाही. आधी पायथ्याकडे आणि मग कडेकडे, असा क्रम दिसला तर माणूस उतरण्याच्या बेतात आहे असे मानायला जागा आहे.

हे काही सेकंद का मोलाचे आहेत ते घड्याळ लावून पाहा. परिचारिकांच्या टेबलापासून सर्वांत लांबची खाट २५ मीटरवर असेल आणि झपझप चालण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर पोहोचायलाच १७ सेकंद लागतात. हातातले इंजेक्शन खाली ठेवण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. तुमच्या अहवालात सेन्सरची अचूकता दशांश चिन्हापुढे किती आकड्यांपर्यंत आहे यापेक्षा, इशारा मिळाल्यापासून रुग्णाचे पाय जमिनीवर येईपर्यंत किती सेकंद मिळतात, हा तक्ता पहिल्या पानावर असावा असे मला वाटते.

नाडी आणि तापमान गाळा, कारण त्यांचा पडण्याशी थेट संबंध नाही. कॅमेराही गाळा, कारण आजारी माणूस कपडे बदलताना, बेडपॅन घेताना कोणाच्या तरी पडद्यावर दिसत राहतो. ॲप गाळले तरी चालेल, ठेवले तरी चालेल. मात्र इशारा केवळ ॲपवर विसंबून नसावा.

प्रश्न : लोड सेल महाग पडतात आणि बसवायलाही अवघड असतात. त्याऐवजी गादीखाली दाब ओळखणाऱ्या पातळ पट्ट्या का टाकू नयेत? — उपकरणे दुरुस्त करणारे एक तंत्रज्ञ

उत्तर : पट्ट्या टाकता येतात आणि अनेक जण टाकतातही. पण त्यांचा स्वभाव ओळखून टाकाव्यात. दाब पडला की विद्युत रोध बदलणाऱ्या या पट्ट्या एकसारख्या भाराखाली तासन्‌तास राहिल्या की त्यांचे वाचन हळूहळू घसरत जाते, आणि भार चढवताना व उतरवताना त्यांचे आकडे सारखे येत नाहीत. बोटाचा दाब ओळखायला त्या उत्तम आहेत; आठ तास झोपलेल्या माणसाचे वजन मोजायला नाहीत. त्यांच्याकडून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागावे. शिवाय गादीखालची वस्तू घाम, लघवी आणि जंतुनाशक यांच्या तावडीत सापडते, चादर बदलताना सरकते आणि दुमडते. दर काही महिन्यांनी पट्टी बदलावी लागत असेल तर ती स्वस्त कशी म्हणावी?

लोड सेलच्या आत धातूच्या तुकड्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे ताणले की रोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्या, असतात आणि ते व्हीटस्टन ब्रिज या, रोधातला सूक्ष्म फरक व्होल्टेजमध्ये दाखवणाऱ्या रचनेत जोडलेले असतात. सर्वसाधारण सेल पूर्ण भाराला, पुरवलेल्या प्रत्येक व्होल्टमागे सुमारे २ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे ५ व्होल्ट पुरवल्यावर २०० किलो क्षमतेच्या सेलवर एक किलो ठेवला तर मिळतात अवघे ५० मायक्रोव्होल्ट. एवढा क्षीण संकेत लांब, उघड्या वायरीतून नेला तर त्यात वॉर्डातल्या प्रत्येक मोटारीची खरखर मिसळते. म्हणून हा संकेत मोठा करणारा प्रवर्धक सेलच्या जवळ बसवावा. वजनकाट्यांत सर्रास वापरली जाणारी एचएक्स७११ ही २४ बिटची चिप या कामाला पुरते. ती सेकंदाला १० किंवा ८० वाचने देते, आणि उठण्याची चाहूल घ्यायला १० पुरेशी आहेत. तिला संकेत आत घेणारे दोन मार्ग असले तरी दोघांची वर्धनक्षमता सारखी नसते, त्यामुळे चार सेलसाठी चार चिपा घ्याव्यात. तिथे काटकसर करू नये.

बसवण्याच्या जागेविषयी एक अनुभव सांगतो. अशी खाट पहिल्यांदा जुळवताना आम्ही सेल थेट चाकांच्या वर बसवले होते. टेबलावर सगळे नीट चालले. मग खाट ढकलत लिफ्टपर्यंत नेली. लिफ्टच्या दारातल्या फटीत पुढचे चाक अडकले, मागून जोर लागला आणि कोपऱ्यातला सेल आडवा वाकला. उभा भार पेलण्यासाठी बनवलेल्या वस्तूला आम्ही आडवा धक्का दिला होता. तेव्हापासून सेल खालचा सांगाडा आणि वरची चौकट यांच्या मध्ये बसवतो. वरची चौकट सेलवर नुसती टेकते, आडवा रेटा खुंट्या घेतात, आणि खाली अगदी बारीक फटीवर एक आधार असतो, म्हणजे कोणी कोपऱ्यावर धपकन बसले तरी सेल ठरावीक मर्यादेपलीकडे वाकत नाही. खुंटी चौकटीला घासत असेल तर ती भाराचा काही भाग खाते, म्हणून तिच्याभोवती थोडी मोकळीक ठेवावी.

प्रश्न : आमच्या वॉर्डातील काही खाटांना असे अलार्म आहेत. ते रात्रभर इतके वाजतात की आम्ही ते बंद करून ठेवतो. परवा एक आजोबा पडले आणि दोष आमच्यावर आला. खरेच चूक आमची आहे का? — रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका

उत्तर : ताई, त्या घटनेचा निवाडा मी दुरून करणे योग्य नाही. पण अलार्म बंद करावासा वाटणे हा तुमचा आळस नव्हे, हे निःशंकपणे सांगतो. एक काल्पनिक हिशेब मांडतो. २० खाटा आहेत, प्रत्येक रुग्ण रात्रीत ४० वेळा कूस बदलतो, आणि खाट दर शंभर हालचालींत केवळ दोनदा चुकते. जाहिरातीत ही खाट ‘९८ टक्के अचूक’ ठरेल. वॉर्डात मात्र रात्रीत ८०० हालचालींमागे १६ खोटे अलार्म वाजतील, म्हणजे आठ तासांच्या पाळीत दर अर्ध्या तासाला एक. त्या रात्री खरोखर उतरणारा रुग्ण एखादाच असेल. सोळा वेळा विनाकारण धावलेला माणूस सतराव्या वेळी सावकाश उठतो, आणि पुढच्या रात्री बटण बंद करतो.

हा केवळ कागदी हिशेब नाही. अमेरिकेतील एका रुग्णालयात १६ विभागांत आणि २७,६७२ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या विभागांत प्रशिक्षण आणि पाठपुरावा करून खाटेच्या अलार्मचा वापर वाढवण्यात आला. वापर वाढला, पडण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. या निष्कर्षावरून कोणी अलार्म निरुपयोगी ठरवतात. मी तेवढे म्हणणार नाही, पण नुसता अलार्म जोडून रुग्ण सुरक्षित झाला असे लिहिणाऱ्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये, एवढे यातून नक्की निघते. अतिरिक्त अलार्मांमुळे येणाऱ्या बधिरतेविषयी रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या जॉइंट कमिशन या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये स्वतंत्र इशारा दिला होता.

तुमच्या वॉर्डात काय करता येईल? पहिली गोष्ट, अलार्म सगळ्यांना लावू नका. पडण्याचा धोका मोजण्यासाठी मोर्स मापन वापरात असेल, तर त्यातील सहा प्रश्नांचे गुण मिळवून ज्यांची बेरीज जास्त येते त्यांनाच लावा; १२५ पैकी ४५ किंवा अधिक गुण म्हणजे मोठा धोका असे बहुतेक ठिकाणी मानतात. स्वतः सुखरूप चालणाऱ्या रुग्णाच्या खाटेचा अलार्म म्हणजे वॉर्डाला उगाच दिलेला त्रास आहे. दुसरी गोष्ट, इशाऱ्याच्या पायऱ्या असाव्यात. रुग्ण उठून बसला तर टेबलावरचा पिवळा दिवा लागावा, आवाज नको. तो कडेला आला आणि तिथे दोन सेकंद टिकला, तर हलका आवाज व्हावा. एकूण भार घटू लागला तरच मोठा. खाटेजवळ कर्णकर्कश भोंगा नसावाच, कारण गोंधळलेला वृद्ध त्या आवाजाने दचकून आणखी घाईने उतरतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण बहुधा तीच मूळ दुखणे असेल. रुग्णाला स्पंज करायला, चादर बदलायला अलार्म बंद केला की तो परत चालू करायचे ध्यानात राहत नाही. हे ध्यान माणसाने ठेवावे अशी अपेक्षा करणारी खाट मुळात चुकीची बनवली आहे. त्या बटणाने अलार्म बंद न होता दहा मिनिटांसाठी थांबावा आणि रुग्ण पुन्हा स्थिर झोपला की आपोआप चालू व्हावा. नवी खाट घेताना ही अट लेखी घालायला सांगा.

प्रश्न : माझे वडील कित्येक महिने अंथरुणाला खिळून आहेत. सेन्सर असलेल्या खाटेने त्यांचे शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, टळेल का? दाब ३२ च्या वर गेला की इशारा देणारी चादर मिळते असे ऐकले.

उत्तर : ‘३२’ या आकड्याची गोष्ट आधी ऐका. १९३० च्या सुमारास लँडिस या संशोधकाने निरोगी माणसांच्या नखामागच्या त्वचेतील केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून रक्तदाब मोजला. धमनीकडच्या टोकाला त्याला मिळालेली सरासरी पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरइतकी होती. पुढे हाच आकडा ‘याच्या आत दाब असेल तर त्वचा सुरक्षित’ अशा अर्थाने फिरू लागला. नखामागची त्वचा आणि माकडहाडावरची त्वचा एक नव्हे, आणि कृश, ताप असलेल्या वृद्धाची त्वचा तर नव्हेच. दाब किती यासोबत तो किती वेळ राहिला, त्वचा ओली होती का, आणि शरीर घसरताना ती ओढली गेली का, या सगळ्यांवर जखम होणे अवलंबून असते. म्हणून एका आकड्यावर वाजणाऱ्या चादरीने निश्चिंत होऊ नका.

चार लोड सेलच्या खाटेला टाचेवरचा किंवा कमरेवरचा दाब दिसत नाही. तिला एक गोष्ट मात्र उत्तम दिसते : किती वेळ हालचाल झाली नाही. भारकेंद्र दोन तासांत काही सेंटिमीटरही सरकले नसेल, तर कूस बदलण्याची आठवण देणारा शांत दिवा लावता येतो. दोन तास ही जुनी, सोयीची मुदत आहे. आपल्या वडिलांसाठी ती कमी असावी की जास्त, हे डॉक्टरांनी आणि परिचारिकेने त्वचा पाहून ठरवावे. खाटेवर आळीपाळीने फुगणारी हवेची गादी असेल तर तिच्या पंपामुळे भार आपोआप थोडा हलत राहतो, आणि साधी प्रणाली त्यालाच रुग्णाची हालचाल समजून गप्प बसते. हे विचारून घ्या.

आणखी एक स्वस्त सेन्सर आपल्या उपयोगाचा आहे : डोक्याकडचा भाग किती अंशांनी उचलला आहे ते सांगणारा कोनमापक. बराच वेळ तो ३० अंशांहून जास्त उचललेला राहिला तर शरीर पायथ्याकडे घसरते, त्वचा चादरीला धरून राहते आणि आतले हाड पुढे जाते. माकडहाडावरची जखम अनेकदा तिथून सुरू होते. मात्र कृत्रिम श्वासयंत्रावरच्या किंवा नळीने आहार घेणाऱ्या रुग्णाला डोके उंच ठेवायला डॉक्टरच सांगतात, त्यामुळे कोन किती असावा हे खाटेने ठरवायचे नाही. तिने फक्त तो दाखवावा. चादर ओली झाल्याचे सांगणारा सेन्सर उपयोगी आहे आणि नवा तर मुळीच नाही : अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठी पॅड आणि घंटेची जोडणी १९३८ मध्येच वर्णन केली गेली होती.

प्रश्न : दोन्ही बाजूंचे कठडे कायम वर ठेवले तर सेन्सर कशाला हवा?

उत्तर : कारण गोंधळलेला रुग्ण कठड्यावरून चढून उतरतो आणि मग तो गादीच्या नव्हे, कठड्याच्या उंचीवरून पडतो. शिवाय कठड्याच्या गजांत, किंवा कठडा आणि गादी यांच्यामधल्या फटीत मान अडकण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ या काळात रुग्ण कठड्यांत अडकल्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली. त्यांत ४८० जणांचा मृत्यू झाला. याच प्रशासनाने २००६ मध्ये फटींची मापे सुचवली, आणि डोके आत जाऊ नये म्हणून गजांमधली मोकळी जागा १२० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगितली. स्वतः कठडा बनवणार असाल तर फूटपट्टी घ्या, आणि मऊ गादी कडेला दबते तेव्हाचीही फट मोजा.

प्रश्न : लोड सेलवरून श्वास आणि नाडी मोजता येते हे खरे का?

उत्तर : खरे आहे. हृदय रक्त ढकलते तेव्हा शरीराला सूक्ष्म झटका बसतो. तो नोंदवण्याची पद्धत आयझॅक स्टार यांनी १९३९ मध्ये रूढ केली. स्थिर झोपलेल्या माणसाचा श्वास चांगला लोड सेल सहज टिपतो, नाडीसाठी सेकंदाला ८० वाचने आणि संकेतातली खरखर काढणारे नेटके गाळण लागते. पण रुग्ण हलला, खोकला, शेजारून ट्रॉली गेली की संकेत हरवतो. प्रकृती ज्या क्षणी बिघडते त्याच क्षणी रुग्ण तळमळत असतो. म्हणून या वाचनावर अलार्म बांधू नये. ज्याला नाडीची देखरेख हवी त्याला मॉनिटर लावावा.

प्रश्न : आम्ही लोखंडी खाटा बनवणारे लहान उद्योजक आहोत. नमुना तयार आहे. रुग्णालयात ठेवण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : पहिल्यांदा वीजपुरवठा पाहावा. नमुन्यात मोबाइलचा चार्जर जोडला असेल तर तो आजच काढा. धातूच्या चौकटीवर झोपलेला, घामाने भिजलेला, अंगात सलाइन लावलेला माणूस आणि बाजारातला साधा चार्जर यांची गाठ पडू नये. वैद्यकीय उपकरणांसाठी प्रमाणित अडॅप्टरच वापरावा. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेसाठीच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पर्शातून वाहणारा गळती प्रवाह सामान्य स्थितीत १०० मायक्रोॲम्पिअरपर्यंत आणि एखादा दोष निर्माण झाला असता ५०० मायक्रोॲम्पिअरपर्यंतच चालतो. रुग्णखाटांसाठी याच मालिकेत ६०६०१-२-५२ हा वेगळा भाग आहे. तो चौकट कापण्याआधी वाचला असता तर बरे झाले असते, आता निदान पुढची कापण्याआधी वाचा. विजेच्या पेट्या वरून आणि बाजूंनी उडणारे पाणी सहन करणाऱ्या असाव्यात. जोडणीच्या पिना जंतुनाशकाने गंजतात, म्हणून कनेक्टर झाकलेले आणि खाली तोंड केलेले ठेवा.

मग वाळूच्या पिशव्या घ्या. २० किलोची पिशवी खाटेच्या नऊ ठिकाणी ठेवून भारकेंद्र किती चुकते ते मोजा, आणि तीन पिशव्या रात्रभर ठेवून सकाळी वाचन किती घसरले ते पाहा. नंतर वेगवेगळ्या वजनांच्या निरोगी माणसांना झोपायला, वळायला, उतरायला सांगा; शेजारी नातेवाईक टेकून बसलेला असताना आणि कठड्याला भरलेली लघवीची पिशवी टांगलेली असतानाही. रुग्णांवरची चाचणी त्यानंतर, रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या परवानगीने आणि नेहमीच्या देखरेखीत कोणतीही कपात न करता.

बिघाड मुद्दाम करून पाहा. एका सेलची वायर कापा, वीज घालवा, वाय-फाय बंद करा. प्रत्येक वेळी ‘ही खाट सध्या पाहत नाही’ हे परिचारिकांच्या टेबलावर दिसले पाहिजे. त्यासाठी टेबलाकडे जाणारी तार नेहमी जोडलेल्या संपर्काची, म्हणजे सगळे ठीक असताना प्रवाह वाहता राहील अशी ठेवा, म्हणजे ती तुटली तरी इशारा मिळेल. शांत असलेली खाट आणि मेलेली खाट बाहेरून सारख्याच दिसता कामा नयेत.

प्रश्न : खाटा एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरतात. अलार्म वाजला की टेबलावर जुनाच क्रमांक दिसतो आणि धावपळ भलतीकडे होते. यावर स्वस्त उपाय आहे का?

उत्तर : आहे. क्रमांक खाटेत साठवूच नका, भिंतीत साठवा. प्रत्येक जागेच्या भिंतीवरील, टेबलाकडे इशारा नेणाऱ्या (विजेच्या नव्हे) सॉकेटमध्ये दोन मोकळ्या पिनांच्या मध्ये ठरावीक मूल्याचा एक रोधक सोल्डर करा. पहिल्या जागेला एक मूल्य, दुसऱ्या जागेला दुसरे. खाटेचा प्लग बसला की खाटेतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिपवरचा छोटा संगणक, तो रोध मोजतो आणि आपण कोठे आहोत हे ओळखतो. मूल्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवा, एक टक्का अचूकतेचे रोधक घ्या, आणि प्लग निघाला की टेबलावर त्या जागेपुढे ‘खाट नाही’ असे दिसू द्या.